दिल्लीला गेलात तर हे पाहून या : अशोकाचे तीन लेख, एक दिवस

दिल्लीत संसद, इंडिया गेट, लाल किल्ला बघून आपले तरुण परत येतात. याच शहरात सम्राट अशोकाचे तीन लेख आहेत हे त्यांच्यापैकी अनेकांना माहीत नसते. आम्ही ते मेट्रोने आणि पायी, गाइड न घेता, एका दिवसात पाहिले.

सुरुवात २६, अलीपूर रोडपासून करावी. विधानसभा मेट्रो स्थानकातून हे ठिकाण जवळ आहे. याच पत्त्यावरच्या घरात ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. आज तिथे उघड्या संविधानाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक आहे. घाई करू नका, पण ऊन चढण्याआधी निघा.

तिथून रिजच्या टेकडीवर चालत जाता येते. हिंदुराव रुग्णालयाजवळ पहिला स्तंभ उभा आहे. तो मूळचा मेरठचा. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो दिल्लीत आणला. अठराव्या शतकात स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले आणि १८६७ मध्ये ते जोडून पुन्हा उभे केले. सांधे आजही दिसतात. (माकडे फार आहेत, खाण्याची पिशवी हातात धरू नका.)

पुलबंगश स्थानकातून काश्मिरी गेट, तिथे गाडी बदलून दिल्ली गेट. फिरोजशहा कोटल्यात दुसरा स्तंभ आहे, हरियाणातल्या टोपऱ्याहून आणलेला. सुमारे १३ मीटर उंचीचा एकसंध दगड. बेचाळीस चाकांच्या गाड्यावरून नदीपर्यंत आणि पुढे होड्यांतून तो आणल्याचे शम्स सिराज अफीफने लिहून ठेवले आहे. सुलतानाने पंडित बोलावले, पण अक्षरे कोणालाच वाचता आली नाहीत. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा कुठे हा दगड बोलू लागला. वाटेवर वडाची झाडे लावली, विहिरी खोदल्या, धर्मशाळा बांधल्या, असे सांगणारा सातवा स्तंभलेख संपूर्ण स्वरूपात फक्त याच स्तंभावर आहे. गुरुवारी इथे लोक जिन्नांना अर्ज लिहून ठेवायला येतात. गर्दी त्यांचीच असते, स्तंभाकडे मान वर करून बघणारे थोडेच.

हे दोन्ही स्तंभ बाहेरून आणलेले. तिसरा लेख मात्र अशोकाच्या काळापासून जागचा हललेला नाही, आणि आमच्या मते हाच चुकवू नये. दिल्ली गेटहून त्याच मार्गाने थेट नेहरू प्लेसला उतरा, इस्कॉन मंदिराची वाट विचारा. ईस्ट ऑफ कैलासच्या एका बागेत, जुन्या बहापूर गावच्या हद्दीत, उघड्या खडकावर तो कोरला आहे. १९६६ मध्ये तो उजेडात आला. वर छत, भोवती जाळी. अक्षरे झिजली आहेत, तिरप्या उन्हात थोडी दिसतात, म्हणून संध्याकाळी जा.

या लघुशिलालेखात अशोक कबुली देतो : उपासक झालो, पण सुरुवातीला फारसा प्रयत्न केला नाही, संघाच्या जवळ गेल्यावर जोमाने केला. प्रयत्नाचे फळ थोरांनाच नव्हे, लहानांनाही मिळते, असेही तो म्हणतो. आम्ही पोहोचलो तेव्हा बागेत मुले क्रिकेट खेळत होती. एकाला विचारले, हा दगड कसला? "सरकारी आहे," तो म्हणाला. आम्ही त्याला अशोक सांगितला, तर आणखी चौघे ऐकायला आले.