शेताचे कागद आणि न लिहिलेली नावे

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात इंझोरी नावाचे गाव आहे. तेथे वडिलोपार्जित शेत असलेल्या एका कुटुंबाने मध्यंतरी एक पत्र्याची पेटी आमच्यापुढे आणून ठेवली. शेत विकावयाचे होते आणि घेणाऱ्याने मालकीचा पूर्वापार दाखला मागितला होता. मोडी लिपी जेमतेम वाचता येते, एवढ्याच भांडवलावर आम्ही या कामात पडलो. पुढे जे कळले ते वाचकांच्याही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेखप्रपंच.

शेताचा इतिहास उलट्या पावलांनी वाचावा लागतो. प्रारंभ आजच्या सात-बारापासून करावयाचा. त्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात जो आकडा असतो, तो फेरफाराचा क्रमांक. त्या क्रमांकावरून फेरफाराची नोंदवही पाहावी, म्हणजे हे नाव वारसाने लागले, खरेदीने लागले की वाटणीने, याचा उलगडा होतो. त्यामागे विदर्भात 1954-55 च्या सुमाराचा अधिकार अभिलेख आणि जुनी पेरेपत्रके लागतात. त्याहीमागे गेल्यास दुय्यम निबंधकाच्या दप्तरातील खरेदीखते व गहाणखते हाती येतात. क्रमांक बदलतात, एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर होतात. परंतु चतुःसीमा बहुधा बोलत राहते. पूर्वेस नाला, दक्षिणेस अमक्याचा धुरा, हे शब्द तीन पिढ्यांच्या कागदांत जुळले की शेत तेच, अशी खात्री पटू लागते.

कागद कोठे शोधावयाचे, हा प्रश्न मात्र वऱ्हाडात बिकट आहे. वाशीम हा पूर्वी जिल्हाच होता. 1905 साली तो मोडला. वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याकडे गेले आणि पुसद यवतमाळकडे. 1 जुलै 1998 रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. दरम्यान राज्येही बदलली. मध्यप्रांत-वऱ्हाड, मध्यप्रदेश, 1956 साली द्वैभाषिक मुंबई राज्य आणि 1960 साली महाराष्ट्र. धनी बदलला की दप्तराचे मथळे बदलत; शेत मात्र जागचे हलले नाही.

किंबहुना वऱ्हाड प्रांताचीच कहाणी एखाद्या गहाणखतासारखी आहे. हैदराबादच्या कंटिन्जन्ट फौजेचा खर्च आणि त्यापायी थकलेले कर्ज यांसाठी निजामाने 1853 च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. 1902 साली वार्षिक 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात त्यांनी तो कायमच्या पट्ट्याने घेतला. मालकी नावाची निजामाची, वहिवाट इंग्रजांची. आणि ज्या कुणब्याच्या घामावर हा व्यवहार उभा होता, त्याला कोणी विचारले नाही.

हाच प्रकार लहान प्रमाणावर शेताच्या कागदांत दिसतो. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. युद्ध संपताच भाव कोसळले, पण चढत्या भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज राहिले. पुढे 1899-1900 चा दुष्काळ आला. म्हणून जुन्या पेट्यांत ‘मुद्दत खरेदी’चे कागद आढळतात. वरून खरेदी, आतून कर्ज. मुदतीत पैसा फिटला नाही तर शेत सावकाराचे. आमच्यासमोरील पेटीतही असा एक कागद होता. त्याच्या पाठीवर रक्कम फिटल्याची पावती होती, आणि तेवढ्या दोन ओळींनी या घराचे शेत राखले होते.

येथवर सारे सुरळीत जुळले. अडखळलो ते आजोबांच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारापाशी. तेथे दोन पुत्रांची नावे होती. त्यांची विधवा आई तेव्हा हयात होती. तिचे नाव नव्हते. एक कन्याही होती. तिचेही नाव नव्हते. मृत्युपत्र झालेले नव्हते. आपणा ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. त्यानुसार विधवेला एक तृतीयांश मिळतो आणि उरलेला भाग सर्व अपत्यांत समान वाटला जातो. त्यात पुत्र-कन्या असा भेद नाही. फेरफारात नाव लागल्याने मालकी जन्मत नाही, की न लागल्याने ती मरत नाही.

“आत्याला लग्नात दिले होते,” असे घरातून सांगण्यात आले. परंतु लग्नात दिलेल्या दागिन्यांनी कायद्याचा वाटा फिटत नाही. हक्क सोडावयाचा तर तो समजून-उमजून, नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडला पाहिजे. आत्याबाई त्याच पित्याच्या कन्या होत, याला पुरावा मिळाला तो स्नानसंस्काराच्या नोंदवहीत. सरकारी कागदात जी नव्हती, ती तेथे आईबापांच्या नावांसह होती.

आत्याबाईंना आम्ही फेरफाराची नक्कल वाचून दाखविली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग स्वतःविषयी काही न विचारता त्यांनी एवढेच विचारले, “आईचं नाव कुठंच नाही का, फादर?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. धाकट्या पुतण्याने मान खाली घातली. थोरला नाराज झाला, आणि ती नाराजी अद्याप पुरती गेलेली नाही. तथापि आधी वारसांची नोंद दुरुस्त करावी आणि मग विक्रीचे पाहावे, असे ठरले.

गणनाच्या 27 व्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून पित्याच्या वतनात वाटा मागतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त ठरते. हा वृत्तांत आपण वेदीवरून ऐकतो. आपल्या घरच्या पेटीत तो क्वचितच वाचतो. म्हणून वाचकांस विनंती की, घरात मृत्यू झाल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (हल्ली ज्यांस ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारसांची वर्दी द्यावी, आणि ती देताना आई व बहिणी यांची नावे आठवणीने घालावीत. जुने कागद मोडीत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्यावेत. ते वाचताना कोणाची नावे लिहिली आहेत हे पाहावे, आणि कोणाची लिहिलेली नाहीत हेही पाहावे.