क्षुधाशामक अंतःक्षेपणे व गोडाची ओढ

क्षुधाशामक अंतःक्षेपणे : शरीराचे वजन घटविण्यासाठी त्वचेखाली टोचण्यात येणारी व आतड्यातील एका हॉर्मोनाच्या (रक्तात मिसळून दूरच्या इंद्रियावर कार्य करणाऱ्या स्रावाच्या) क्रियेचे अनुकरण करणारी औषधे. लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड व टिर्झेपाटाइड ही यांपैकी प्रमुख होत. ही औषधे मूलतः मधुमेहावरील उपचारासाठी तयार करण्यात आली. तथापि ती घेणाऱ्यांची भूक मंदावते, एवढेच नव्हे, तर मिठाई, चॉकलेट, शर्करायुक्त पेये इ. पदार्थांविषयीची ओढही पुष्कळांमध्ये कमी होते, असे आढळून आले. गोड खाण्याचा मोह म्हणजे मनोनिग्रहाचा अभाव, या दीर्घकाळ रूढ असलेल्या समजुतीस या अनुभवाने धक्का दिला. त्यामुळे या औषधांचा इतिहास हा शरीरक्रियाविज्ञानाच्या इतिहासाबरोबरच लठ्ठपणाकडे पाहण्याच्या सामाजिक दृष्टीच्या इतिहासाचाही एक भाग ठरतो.

आतड्यातील संदेशवाहकांचा शोध : १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी लहान आतड्याच्या अस्तरात तयार होणाऱ्या सिक्रिटीन या पदार्थाचा शोध लावला. हा पदार्थ रक्तावाटे अग्निपिंडाकडे जाऊन त्यास पाचक रस स्रवण्यास प्रवृत्त करतो. अशा रासायनिक दूतांसाठी स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये हॉर्मोन ही संज्ञा वापरली. आतड्याचा अग्निपिंडाशी असा संबंध असेल, तर शर्करेच्या नियमनातही आतड्याचा वाटा असावा, असा तर्क त्यातून निघाला. १९०६ मध्ये लिव्हरपूल येथे बेंजामिन मूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेही रुग्णांना आतड्याच्या अस्तराचा अर्क तोंडावाटे देऊन पाहिला. १९२१ मध्ये टोराँटो येथे इन्शुलिनाचा शोध लागल्यावर संशोधकांचे लक्ष साहजिकच अग्निपिंडाकडे वळले. बेल्जियन शास्त्रज्ञ झां ला बार यांनी १९३२ मध्ये आतड्यातील या संभाव्य स्रावास ‘इन्क्रेटीन’ असे नाव दिले. परंतु त्याचे मापन करण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते.

सॉलोमन बर्सन व रोझॅलिन यॅलो यांनी विकसित केलेल्या किरणोत्सर्गी मापनपद्धतीमुळे रक्तातील इन्शुलिनाचे अल्प प्रमाणही १९६० च्या सुमारास मोजता येऊ लागले. १९६४ मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांनी असे दाखवून दिले की, ग्लुकोज शिरेतून दिल्यापेक्षा तोंडावाटे दिल्यास इन्शुलीन अधिक प्रमाणात स्रवते. म्हणजे गोड पदार्थ आतड्यात पोहोचताच तेथून अग्निपिंडास आगाऊ सूचना जाते, हे सिद्ध झाले. ही सूचना देणारा एक पेप्टाइड पदार्थ १९७० नंतरच्या दशकात ओळखला गेला. परंतु केवळ त्याने सर्व परिणामांचा उलगडा होत नव्हता.

ग्लुकॅगॉनसदृश पेप्टाइड-१ : १९८२ मध्ये बॉस्टन येथील मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोएल हॅबनर व त्यांचे सहकारी एका सागरी माशाच्या अग्निपिंडातील ग्लुकॅगॉन या हॉर्मोनाच्या पूर्वगामी प्रथिनाचा जनुकीय अभ्यास करीत होते. त्या प्रथिनात ग्लुकॅगॉनाशी साम्य असलेला आणखी एक पेप्टाइड दडलेला आढळला. पुढील वर्षी ग्रेम बेल व इतरांनी सस्तन प्राण्यांतील संबंधित जनुकाचे वर्णन केले, तेव्हा त्यात असे दोन पेप्टाइड असल्याचे दिसून आले. त्यांतील पहिल्याचा नेमका क्रियाशील भाग कोणता, हे ठरविण्यात स्व्हेतलाना मॉयसॉव्ह यांचे कार्य महत्त्वाचे आहे. १९८७ मध्ये बॉस्टन येथील त्यांचा गट, कोपनहेगन येथील येन्स यूल होल्स्ट यांचा गट व लंडन येथील स्टीफन ब्लूम यांचा गट यांनी हा पेप्टाइड इन्शुलिनाच्या स्रावास प्रबळ चेतना देतो, असे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

औषध म्हणून त्याचा उपयोग करण्यात मोठी अडचण होती. रक्तातील एका एंझाइमामुळे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनामुळे) हा पेप्टाइड सुमारे दोन मिनिटांत निम्मा नष्ट होतो. या अडचणीतून मार्ग अनपेक्षित ठिकाणी सापडला. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व मेक्सिको यांच्या वाळवंटी प्रदेशात आढळणाऱ्या हीला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेचा अभ्यास करताना जॉन एंग यांना १९९२ मध्ये एक्सेंडीन-४ हा पेप्टाइड मिळाला. त्याची रचना मानवी पेप्टाइडाशी निम्म्याहून थोडी अधिक जुळते, परंतु तो उपरोक्त एंझाइमास दाद देत नाही. त्यावर आधारलेल्या एक्सेनाटाइड या औषधास अमेरिकेत २००५ मध्ये मधुमेहासाठी मान्यता मिळाली. डेन्मार्कमधील नोव्हो नॉर्डिस्क कंपनीत लोटे ब्येरे क्नुडसेन यांच्या गटाने वेगळा मार्ग अवलंबिला. त्यांनी मानवी पेप्टाइडास वसाम्लाची साखळी जोडली. त्यामुळे तो रक्तातील अल्ब्युमीन या प्रथिनास चिकटून राहतो व सावकाश नष्ट होतो. या पद्धतीने तयार केलेले लिराग्लुटाइड दिवसातून एकदा, तर त्यानंतरचे सेमाग्लुटाइड आठवड्यातून एकदाच टोचावे लागते. हॅबनर, मॉयसॉव्ह व क्नुडसेन यांना २०२४ मध्ये लास्कर पारितोषिक देण्यात आले.

भूक व लालसा : भूक ही ऊर्जेच्या गरजेतून उद्‌भवते, लालसा मात्र पोट भरलेले असतानाही विशिष्ट पदार्थाविषयी निर्माण होऊ शकते. गोडाची आवड नवजात अर्भकातही दिसून येते. तीत निसर्गतः काही दोष नाही, कारण पिकलेली फळे व मध यांसारखे ऊर्जादायी अन्न गोड चवीवरूनच ओळखले जाते. साखर स्वस्त व सर्वत्र उपलब्ध झाल्यावर मात्र हीच प्रवृत्ती आरोग्यास बाधक ठरू लागली.

१९९६ मध्ये ब्लूम यांच्या गटाने हा पेप्टाइड उंदरांच्या मेंदूत सोडला असता त्यांचे खाणे एकदम घटते, असे दाखविले. १९९८ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी माणसांना तो शिरेतून दिला, तेव्हा तृप्तीची भावना वाढून आहार कमी झाला. जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावणे हे यामागील एक कारण होते. परंतु मेंदूच्या तळाशी असलेल्या क्षुधानियामक भागांतही या पेप्टाइडाचे ग्राही (त्यास प्रतिसाद देणारे रेणू) असल्याचे आढळले. स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे सुझान डिक्सन व कॅरोलिना स्किबिच्का यांच्या गटाने २०१२ मध्ये याही पुढचे पाऊल टाकले. साखरेची गोळी मिळविण्यासाठी उंदरांना तरफ दाबावी लागत असे व दर वेळी अधिक श्रम करावे लागत. एक्सेंडीन-४ दिल्यावर उंदरांनी हे श्रम लवकर सोडून दिले. मेंदूतील सुखसंवेदनेशी निगडित भागांत औषध थेट सोडल्यावरही हाच परिणाम दिसला. म्हणजे औषधामुळे केवळ पोट भरल्यासारखे वाटत नव्हते, तर साखरेचे मोलच प्राण्यांच्या दृष्टीने कमी झाले होते. चवीशीही या पेप्टाइडाचा संबंध आहे. त्याचे ग्राही नसलेल्या उंदरांची गोड चवीविषयीची संवेदनक्षमता घटते, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले.

पूर्वीचे प्रयत्न : मेंदूवर परिणाम करून खाण्यावर ताबा मिळविण्याचे हे पहिलेच औषध नव्हे. विसाव्या शतकाच्या मध्यास अँफेटामीन वर्गातील गोळ्या वजन घटविण्यासाठी सर्रास दिल्या जात. त्यांचे व्यसन जडते, हे यथावकाश ध्यानात आले. फेनफ्ल्युरामीन या औषधाने हृदयाच्या झडपांना इजा होते, असे आढळल्याने ते १९९७ मध्ये अमेरिकेतील बाजारातून काढून घेण्यात आले. सुखसंवेदनेच्या मार्गावर थेट कार्य करणाऱ्या रिमोनाबंट या औषधास यूरोपात २००६ मध्ये मान्यता मिळाली. परंतु काही रुग्णांत तीव्र विषण्णता व आत्महत्येचे विचार आढळल्याने २००८ मध्ये त्याची विक्री थांबविण्यात आली. खाण्यातील आनंद औषधाने कमी करताना जीवनातील आनंदही कमी होऊ शकतो, हा धडा या प्रकरणातून मिळाला. त्यामुळेच नव्या औषधांच्या मानसिक परिणामांकडे प्रारंभापासून बारकाईने लक्ष देण्यात आले.

मानवी अभ्यासांचे निष्कर्ष : २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,९६१ व्यक्तींचा समावेश होता. ६८ आठवड्यांनंतर सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के, तर औषधविरहित द्रव टोचलेल्यांचे २.४ टक्के घटले. टिर्झेपाटाइडाच्या २०२२ मधील चाचणीत सर्वाधिक मात्रा घेणाऱ्यांमध्ये ७२ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के घट झाली.

ही घट प्रामुख्याने कमी खाण्यामुळे होते. जॉन ब्लंडेल व इतरांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३० लठ्ठ व्यक्तींच्या अभ्यासात, हवे तेवढे खाण्याची मुभा असतानाही सेमाग्लुटाइडामुळे आहारातील एकूण ऊर्जा सुमारे २४ टक्के कमी झाली व खाण्यावर अधिक ताबा राहतो, असे त्या व्यक्तींनी सांगितले. त्यांची पसंती विशेषतः चरबीयुक्त पदार्थांकडून ढळली होती. गोडाविषयीचा दीर्घकालीन पुरावा २०२३ मध्ये उपलब्ध झाला. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथील १७४ व्यक्तींना दोन वर्षांच्या काळात ठराविक प्रश्नावली देण्यात आली होती. लालसेवरील ताबा व खारट-तिखट पदार्थांची ओढ यांबाबतीत सेमाग्लुटाइडाचा लाभ विसाव्या, बावन्नाव्या व एकशे चौथ्या अशा तिन्ही आठवड्यांत टिकून होता. गोडाची ओढ मात्र पहिल्या दोन टप्प्यांवर स्पष्टपणे कमी आढळली. दोन वर्षांच्या अखेरीस दोन्ही गटांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय फरक राहिला नाही. यावरून ही औषधे गोडाची इच्छा समूळ नाहीशी करतात, हा लोकप्रिय समज तपासून घ्यावा लागतो. ती इच्छा बोथट होते, काहींमध्ये फार तर काहींमध्ये थोडी, आणि कालांतराने ती अंशतः परतू शकते, एवढेच या निष्कर्षांवरून म्हणता येते.

मर्यादा व दुष्परिणाम : मळमळ, उलटी, अतिसार व बद्धकोष्ठता हे सामान्य दुष्परिणाम असून ते मात्रा हळूहळू वाढविल्यास सुसह्य होतात. पित्ताश्मरी (पित्ताशयातील खडे) व क्वचित अग्निपिंडाचा दाह यांचा धोका संभवतो. स्वतःस वा कुटुंबात अवटू ग्रंथीचा विशिष्ट प्रकारचा कर्करोग झालेल्या व्यक्तींना ही औषधे देत नाहीत. चरबीबरोबर स्नायूंचेही वस्तुमान घटत असल्याने पुरेशी प्रथिने व व्यायाम यांची आवश्यकता असते. औषध थांबविल्यास भूक पूर्ववत होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सेमाग्लुटाइड बंद केल्यावर एका वर्षात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत वाढल्याचे आढळले. त्यामुळे उच्च रक्तदाबावरील औषधांप्रमाणे ती दीर्घकाळ घ्यावी लागण्याची शक्यता असते व खर्चाचा प्रश्न गंभीर बनतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये या वर्गातील औषधांचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला; परंतु गरजू रुग्णांपर्यंत ती परवडणाऱ्या किंमतीत पोहोचणे ही वेगळी बाब आहे.

भारतातील स्थिती : भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सु. १०.१ कोटी व्यक्तींना मधुमेह आहे. वजन घटविण्यासाठीची टिर्झेपाटाइड व सेमाग्लुटाइड ही अंतःक्षेपणे २०२५ मध्ये भारतीय बाजारात आली. सणावारी गोडधोड करणे, शुभवार्ता कळताच पेढे वाटणे, संक्रांतीस तिळगूळ देणे यांसारख्या रीतींमुळे भारतीय समाजात गोड हे केवळ खाद्य नसून आदरातिथ्य व स्नेह यांचे चिन्ह आहे. औषधामुळे ज्याची इच्छा मंदावली आहे, त्यालाही आग्रहाचा लाडू नाकारणे सोपे नसते. म्हणून वैद्यकीय उपचाराबरोबर घरच्यांचे सहकार्य व आहारविषयक सवयींत बदल यांचे महत्त्व कमी होत नाही.

गोडाच्या ओढीमागे आतडे व मेंदू यांच्यातील संदेशांचा मोठा वाटा असतो, हे शंभराहून अधिक वर्षांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. लठ्ठ व्यक्तीस आळशी किंवा खादाड ठरविण्याच्या प्रवृत्तीस त्यामुळे शास्त्रीय आधार उरलेला नाही. तथापि साखरेची मुबलकता, जाहिरातींचा प्रभाव व बैठी जीवनपद्धती या सामाजिक कारणांवर अंतःक्षेपण हा उपाय नव्हे. ती कारणे दूर करण्याची जबाबदारी समाज व शासन यांवरच राहते.