ज्येष्ठांसाठीचा शासकीय आरोग्यविमा

ज्येष्ठांसाठीचा शासकीय आरोग्यविमा : वृद्धांच्या रुग्णालयातील उपचारांचा खर्च केंद्र किंवा राज्य शासनाने अंशतः वा पूर्णतः उचलण्याची व्यवस्था. भारतात या नावाची एकच एक योजना नाही. वय, रेशनकार्ड, पूर्वीची नोकरी आणि राहण्याचे राज्य यांनुसार माणूस वेगवेगळ्या योजनांत बसतो आणि कित्येकदा एकाच वेळी दोन-तीन योजनांत. ‘विमा’ हा शब्द इथे जरा सैल अर्थाने वापरला जातो. सर्वसामान्यांसाठीच्या बहुतेक योजनांत लाभार्थी हप्ता भरत नाही. शासन विमा कंपनीला हप्ता देते किंवा शासनाची संस्था रुग्णालयाचे बिल थेट चुकते करते. महाराष्ट्रात हे काम पाहणाऱ्या संस्थेचे नावच ‘राज्य आरोग्य हमी सोसायटी’ असे आहे आणि ‘हमी’ हा शब्द वस्तुस्थितीच्या अधिक जवळचा आहे. विमा म्हटले की हप्ता कुठे भरायचा, हा प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात प्रथम येतो आणि कार्ड काढून देण्याचे पैसे मागणाऱ्यांचे त्यामुळेच फावते. केंद्राच्या आयुष्मान योजनेचे कार्ड विनामूल्य असते.

पूर्वपीठिका : आधी संरक्षण मिळाले ते नोकरदारांना. कामगारांसाठी १९४८चा कर्मचारी राज्य विमा अधिनियम आला आणि १९५४ मध्ये दिल्लीत केंद्र सरकारी आरोग्य योजना सुरू झाली. शेतात, बांधकामावर किंवा घरात राबून म्हातारे झालेल्यांना या दोन्हींचा उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने १९९७ मध्ये जीवनदायी योजना आणली. २००८ मध्ये दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. तिची मर्यादा पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपये होती. घरातल्या एका बाळंतपणात आणि एका ऑपरेशनात ती संपून जाई आणि म्हाताऱ्याच्या वाट्याला काही उरत नसे. ही अडचण ओळखून २०१६ पासून त्या योजनेतील ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी आणखी ३०,००० रुपयांची वेगळी तरतूद झाली. कुटुंबाच्या रकमेवर वृद्धाची पाळी शेवटी येते, म्हणून त्याचा वाटा वेगळा हवा, हे त्या छोट्या तरतुदीने मान्य केले. पुढे २०२४ मध्ये जे घडले त्याचे मूळ इथे आहे.

वय वंदना कार्ड : आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत सुरू झाली. २०११च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणाच्या आधारे निवडलेल्या कुटुंबांना तिच्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले. ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७० वर्षे पूर्ण केलेल्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता या योजनेत घेण्याचा निर्णय केला आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून तो अमलात आला. साडेचार कोटी कुटुंबांतील सुमारे ६ कोटी वृद्ध त्यात येतील, असा शासनाचा अंदाज होता. त्यांना मिळणाऱ्या वेगळ्या कार्डाला ‘वय वंदना’ हे नाव आहे.

मर्यादेचा हिशेब नीट समजून घ्यावा लागतो. घर आधीपासून आयुष्मान योजनेत असेल, तर कुटुंबाचे ५ लाख कुटुंबाकडेच राहतात आणि घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांना जादा ५ लाख मिळतात, ज्यांत मुलासुनांचा वाटा नसतो. घर योजनेत नसेल, तर वृद्धांना ५ लाख मिळतात. पण घरात नवरा ७४चा आणि बायको ७१ची असेल, तर ही रक्कम दोघांत मिळून असते. माणशी ५ लाख, असा गैरसमज बराच पसरलेला आहे.

खासगी विम्याच्या तुलनेत या कार्डाची मोठी जमेची बाजू म्हणजे आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून ग्राह्य धरले जातात. वीस वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाला खासगी पॉलिसीत त्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी काढावा लागतो. इथे तो नाही. खासगी पॉलिसी असलेल्यांना आणि कर्मचारी राज्य विम्यात असलेल्यांनाही हे कार्ड काढता येते. केंद्र सरकारी आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची योजना यांचे लाभार्थी मात्र एकच काहीतरी निवडू शकतात. त्यांनी घाई करू नये. या दोन्ही योजनांत बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधे मिळतात, शिवाय ५ लाखांसारखी वार्षिक मर्यादा नसते. नव्या कार्डाच्या ओढीने ते सोडणे बहुतेकांच्या तोट्याचेच ठरेल.

वयाचा दाखला : ‘वय वंदना’साठी आधार हे एकच कागदपत्र लागते आणि वय आधारवरचेच धरले जाते. वरवर सोपी वाटणारी ही अट खेड्यातल्या पिढीला जड जाते. महाराष्ट्रात आज सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने ती लिहिली. ज्या बायका शाळेतच गेल्या नाहीत, त्यांचे वय आधारकेंद्रावर कुणीतरी शेजारून सांगितले. ‘मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी चालायला लागले होते’ असे सांगणारी, खऱ्या वयाने पंचाहत्तरीतली आजी त्यामुळे कागदावर ६७ वर्षांची असते. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते आणि त्यासाठी पुरावा लागतो. तिच्याकडे पुरावा असता, तर तारीख चुकलीच नसती. बोटांचा प्रश्न त्याहून साधा आहे. कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा उमटला नाही, तर मोबाइलवर येणारा ओटीपी, बुबुळ किंवा चेहरा यांवरूनही ओळख पटवण्याची सोय आहे. ‘अंगठा उमटत नाही’ एवढ्या कारणावरून परत पाठवले गेल्यास तसे स्पष्ट सांगून दुसरा मार्ग मागावा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : वयाच्या कागदावर अडलेल्या अशा आजीला महाराष्ट्रात या योजनेचा आधार आहे, कारण तिच्यात वय पाहिले जात नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर अशा आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३च्या नोव्हेंबरात ती सर्व राज्यात पोचली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान योजनेशी जोडून राबवली जाते. आरंभी कुटुंबाला वर्षाला दीड लाख आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाख अशी मर्यादा होती, आणि लाभ पिवळ्या व केशरी कार्डांपुरता होता. २८ जुलै २०२३च्या शासन निर्णयाने मर्यादा ५ लाखांवर गेली, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि पांढऱ्या रेशनकार्डाची घरेही आत आली. वाढीव योजना १ जुलै २०२४ पासून लागू झाली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील ८६५ मराठीभाषक गावांपर्यंतही राज्याने या योजनेचा लाभ नेण्याचा निर्णय केला आहे.

इथे मुख्य भिस्त रेशनकार्डावर आहे आणि वृद्धांची गाडी नेमकी तिथे अडते. आईला मुलाने शहरात नेले, तिचे नाव त्याच्या कार्डावर चढवण्यासाठी गावच्या कार्डावरून कमी केले आणि शहरातले काम अर्धवट राहिले, की ती दोन्हीकडे नाही. आजारपण येण्याआधी कार्डावर नाव आहे का, आधारवरच्या नावाशी ते जुळते का, हे घरात कुणीतरी पाहून ठेवायला हवे. एका कागदावर ‘सखूबाई’ आणि दुसऱ्यावर ‘सखुबाई’ असले तरी खेटे सुरू होतात.

रुग्णालयातील रीत : योजनेत सामील झालेल्या रुग्णालयाला ‘अंगीकृत’ म्हणतात. प्रवेशद्वाराजवळ योजनेचा फलक आणि आरोग्यमित्राचे टेबल असते: एक संगणक, कागदांच्या फायली आणि टेबलाच्या कडेला हात टेकवून उभे असलेले नातेवाईक. आरोग्यमित्र कार्ड तपासून रुग्णाची नोंद करतो. डॉक्टरांच्या तपासण्यांचे कागद संगणकावरून पुढे जातात आणि उपचाराला पूर्वमान्यता मिळते. तातडीच्या प्रसंगी फोनवरून मान्यता घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून देता येतात. फुले योजनेच्या ठरीव रकमेत सामान्य वॉर्डातली खाट, भूलतज्ज्ञ व शल्यविशारदाचे शुल्क, औषधे, तपासण्या, रक्त, प्राणवायू, शरीरात बसवायची उपकरणे आणि रुग्णाचे जेवण येते. घरी परतण्याचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे एकवेळचे भाडेही त्यातच धरलेले आहे. हे भाडे मागितले जात नाही, कारण ते मिळते हेच बहुतेकांना ठाऊक नसते. म्हाताऱ्या बाईला जिल्ह्याच्या गावाहून घरी परत नेणे हाही उपचाराचाच भाग आहे, हे ज्याने कुणी नियमात लिहिले त्याला घरातल्या आजारपणाची चांगली जाण असावी. आयुष्मान योजनेत दाखल होण्यापूर्वीच्या ३ आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा औषध-तपासणीचा खर्चही धरला जातो.

खर्च रोकडरहित असल्याने मंजूर उपचारांसाठी अनामत रक्कम मागणे नियमात बसत नाही. मागितल्यास आधी आरोग्यमित्राला सांगावे. त्याने भागले नाही, तर फुले योजनेसाठी १५५३८८ आणि आयुष्मानसाठी १४५५५ या क्रमांकांवर तक्रार नोंदवता येते.

काय मिळत नाही : वर सांगितलेल्या दोन्ही योजना मूलतः रुग्णालयातल्या खाटेचा खर्च देतात. अँजिओप्लास्टी, केमोथेरपी, डायलिसिस हे त्यांत येते. रक्तदाबाची रोजची गोळी येत नाही. वृद्धाचा खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला औषधाच्या दुकानात होत असतो. चष्मा, कानयंत्र, कवळी, घरी येणारी नर्स किंवा आया, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे डायपर यांतले काहीही या कार्डावर मिळत नाही. गोळी परवडत नाही म्हणून एक दिवसाआड घेतली जाते, पुढे पक्षाघात होतो आणि मग कार्ड कामाला येते. स्वस्तात टाळता आला असता असा आजार महाग होईपर्यंत वाट पाहणारी ही रचना आहे आणि तिचा हा दोष गंभीर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रे, सरकारी व पालिका रुग्णालये यांतून औषधे मोफत वा नाममात्र दरात मिळण्याची सोय आहे. त्यामुळे कार्ड असले तरी जवळच्या सरकारी दवाखान्याशी संबंध ठेवणे वृद्धांच्या घराला भागच आहे.

निवृत्तांसाठीच्या योजना : केंद्र सरकारी आरोग्य योजनेचे दवाखाने महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत आहेत. निवृत्तिवेतनधारक दरवर्षी वर्गणी भरू शकतात किंवा दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून आजीवन कार्ड घेऊ शकतात. योजनेच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्यांना बाह्यरुग्ण उपचारांऐवजी महिना १,००० रुपये वैद्यकीय भत्ता घेता येतो. निवृत्त सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना आहे. तिचे काम पॉलिक्लिनिकमधून चालते. सातारा, कोल्हापूर, सांगली या सैनिकी परंपरेच्या जिल्ह्यांत ती अनेक घरांच्या रोजच्या परिचयाची आहे.

कर्मचारी राज्य विम्यातील एक तरतूद मात्र फारशी कुणाला माहीत नाही. किमान पाच वर्षे विमित नोकरी करून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पती किंवा पत्नीसाठी या विम्याची वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवता येते. महिन्याला १० रुपयांत दोघांना दवाखाना, औषधे आणि रुग्णालय, असे देशात दुसरीकडे क्वचितच मिळत असेल. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यात शाल-श्रीफळ दिले जाते, तेव्हाच हा अर्जही हातात द्यायला हवा. नोकरी सुटल्यावर विम्याचे जुने कार्ड कपाटाच्या तळाशी जाते. ते फेकून न देता त्यावरचा विमा क्रमांक जपून ठेवावा.

गोवा : येथे २०१६ मध्ये सुरू झालेली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना किमान पाच वर्षे राज्यात राहणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. तीन किंवा त्याहून कमी माणसांच्या घराला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक माणसांच्या घराला ४ लाख रुपये मिळतात. मुले परदेशी गेल्यावर मागे राहिलेली म्हातारी जोडपी गोव्यात बरीच आहेत. माणसे मोजणाऱ्या या हिशेबात ती लहान मर्यादेत बसतात, म्हणून त्यांना ‘वय वंदना’ कार्डाचे मोल अधिक आहे.

धर्मादाय खाटा : हा विमा नव्हे, पण अंगीकृत रुग्णालय नसेल किंवा आजार यादीत नसेल, तर महाराष्ट्रात हा आणखी एक मार्ग उरतो. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक नुसार धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलदाराकडून मिळतो. मोठ्या, चकचकीत इमारतीच्या काही रुग्णालयांनाही ही अट लागू आहे, कारण ती कागदोपत्री न्यासाची आहेत. तिथे आत गेल्यावर धर्मादाय विभागातील समाजसेवा अधिकाऱ्याचे टेबल कुठे आहे, असे विचारावे.