मरणाऱ्या पेशी आणि मागे उरणाऱ्या पेशी

अणुचाचण्यांमधून पसरणाऱ्या किरणोत्साराचे परिणाम तपासण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर १९५५ मध्ये वैज्ञानिक समिती नेमली. तिच्या १५ संस्थापक सदस्य-राष्ट्रांत भारत होता. समितीवर भारताचे प्रतिनिधित्व केले ते मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. किरणांमुळे कर्करोग होतो हे तेव्हा ठाऊक होते. तो नेमका कसा होतो, हा प्रश्न खुला होता.

त्याच दशकात अमेरिकेत हेन्री कॅप्लान यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. क्ष-किरणांचे हप्ते दिलेल्या उंदरांच्या थायमस ग्रंथीत कर्करोग होई. मात्र किरण देताना मांडी झाकली, की त्याचे प्रमाण बरेच घटे. म्हणजे मांडीच्या हाडातील सुरक्षित राहिलेली अस्थिमज्जा दूरच्या ग्रंथीचे रक्षण करीत होती. असे का, हे उलगडण्यास अर्धशतक लागले.

१९७२ मध्ये केर, वायली आणि करी यांनी पेशींच्या शिस्तबद्ध आत्मनाशाला ‘ॲपॉप्टोसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. १९९३ मध्ये दिसले, की किरणांनी इजा झालेल्या थायमसच्या पेशींना मरणाचा आदेश पी-५३ हे प्रथिन देते. पी-५३ नसलेल्या उंदरांना किरणांमुळे कर्करोग फार लवकर होई. साहजिकच निष्कर्ष निघाला: बिघडलेली पेशी मरते, म्हणून कर्करोग टळतो.

२०१० मध्ये मेलबर्न आणि इन्सब्रुक येथील गटांनी या निष्कर्षाला धक्का दिला. पी-५३च्या आज्ञेवरून पेशीला मारणारे ‘प्यूमा’ हे प्रथिन त्यांनी उंदरांतून काढून टाकले. किरणांनंतर पेशी कमी मेल्या. तरीही थायमसचा कर्करोग वाढण्याऐवजी टळला. पुढे अशाच उंदरांतील पांढऱ्या पेशी स्टेरॉइड देऊन वेगळ्या मार्गाने वारंवार मारल्या, तेव्हा कर्करोग परतला.

कारण असे, की पेशी मोठ्या संख्येने मेल्या, की रिकामी जागा भरण्यासाठी अस्थिमज्जेतील मूलपेशींना भराभर विभाजित व्हावे लागते. त्याही किरणांनी जखमी झालेल्या असतात आणि विभाजनासोबत त्यांचे दोष पुढच्या पिढ्यांत उतरतात. मांडी झाकल्यावर हे काम निरोगी मूलपेशी करीत. पी-५३ नसताना मात्र दुरुस्ती आणि विभाजनावरील लगाम हेही जातात. म्हणून तेथे धोका वाढतो.

हे निष्कर्ष उंदरांतील एका कर्करोगापुरते आहेत. माणसाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही किरणांचा धोका मोजताना किती पेशी मेल्या एवढेच पाहून भागत नाही. त्यांची जागा कोणत्या पेशींनी घेतली, हेही पाहावे लागते.