चुन-लीची पट्टी

१९९३ सालच्या पावसाळ्यातील गोष्ट. बेळगावच्या परिसरातील एका हायस्कुलात मी तेव्हा इतिहासाचा सहायक शिक्षक होतो आणि नोकरीचे दुसरेच वर्ष चालू होते. नववीतील चार मुले शाळा सुटल्यावर घरी न जाता बसस्टँडमागच्या बोळातील व्हिडिओ गेमच्या दुकानात रमतात, अशी कागाळी हेडमास्तरांच्या कानावर आली. अशा मोहिमेवर नव्या मास्तराला पाठवायचे हा शाळांचा जुना रिवाज. छत्री घेऊन मी निघालो.

दुकान म्हणजे पत्र्याच्या छपराची एक अरुंद खोली. आत लाकडी कपाटासारखी तीन यंत्रे, प्रत्येकावर एक टीव्ही आणि भोवती पोरांचे कोंडाळे. मधल्या यंत्राच्या पडद्यावर निळ्या झग्यातील एक मुलगी एका अगडबंब पैलवानाला लाथांनी बडवीत होती. तिचे पाय इतक्या वेगाने चालत होते की ते मोजता येत नव्हते. पैलवान आडवा झाला, तशी ती टुणकन उडी मारून हसली आणि ओरडली, "यत्ता!"

मला वाटले, माझ्या कानांचा दोष. पण पोरेही हात वर करून "यत्ता!" असेच ओरडली. ‘यत्ता नववी’तले हे वीर माझ्याकडे पाठ करून उभे होते.

"ही कोण रे?" मी विचारले. मला पाहून तिघे गार झाले. चौथा मात्र खेळाच्या धुंदीत मान न वळवताच म्हणाला, "चुन-ली. हिला घेतली की कोण टिकत नाही."

दुकानाबाहेर वळचणीला आमच्याच शाळेची आठवीतील एक मुलगी उभी होती. तिच्या दोन्ही खांद्यांवर मिळून पाच दप्तरे होती. त्या चौघांपैकी एक तिचा भाऊ. गावाकडची बस दोघांनी मिळून पकडायची असल्याने ती थांबली होती. "तू नाही का खेळत?" मी सहज विचारले. "पोरी आत जात नाहीत, सर," ती म्हणाली. यात विचारण्यासारखे काय आहे, असा तिचा स्वर होता.

मी पाचही जणांना शाळेत नेले. मुलांना छड्या मिळाल्या आणि मुलीच्या वडिलांना चिठ्ठी गेली. ज्या मुलीने दुकानात पाऊलही टाकले नव्हते तिच्या घरी चिठ्ठी गेली, ही गोष्ट तेव्हा मला खटकली नाही. ती खटकायला बरीच वर्षे जावी लागली, आणि त्याला निमित्तही ती निळ्या झग्यातील चुन-लीच झाली.

वाचकहो, इतिहासाच्या मास्तराने पोरांच्या खेळावर काय लिहावे, असे कुणी म्हणेल. पण ज्या चित्रासमोर एका पिढीने आपली संध्याकाळ आणि खिशातली नाणी खर्च केली, ते चित्र कुणी काढले आणि का काढले, हा प्रश्न एखाद्या ताम्रपटाइतकाच इतिहासाचा आहे.

या खेळाचे नाव ‘स्ट्रीट फायटर टू’. जपानमधील ओसाका येथील कॅपकॉम या कंपनीने तो १९९१ साली बाजारात आणला. याचा पहिला भाग १९८७ सालचा. त्यात सारे मल्ल पुरुष होते, स्त्री एकही नव्हती. मधल्या काळात, १९८९ साली, याच कंपनीतील योशिकी ओकामोतो, अकिरा निशितानी आणि अकिरा यासुदा या मंडळींनी ‘फायनल फाइट’ नावाचा दुसरा खेळ केला होता. त्याची कथा अशी: एका शहराच्या महापौराची मुलगी गुंड पळवून नेतात आणि बाप, तिचा प्रियकर व एक मित्र असे तिघे तिला सोडवायला निघतात. मुलगी म्हणजे पळवून नेण्याची आणि परत आणण्याची वस्तू. सीताहरणापासून हिंदी सिनेमापर्यंत आपल्याला हे कथासूत्र परके नाही.

आता दोनच वर्षांनंतर त्याच मंडळींनी काय केले ते पाहा. चुन-ली ही चिनी तरुणी. ती इंटरपोलची अधिकारी आहे. तिच्या बापाचा जीव एका गुन्हेगारी संघटनेच्या म्होरक्याने घेतला आहे आणि त्याचा माग काढत ती या झुंजीत उतरली आहे. १९८९ मध्ये बाप मुलीसाठी लढत होता, १९९१ मध्ये मुलगी बापासाठी लढू लागली. कथेचे पात्र तेच राहिले, प्रवाह मात्र उलटा वाहू लागला.

तिला ‘पहिली स्त्री-योद्धा’ म्हणण्याची रीत आहे. ‘पहिला’ हा शब्द इतिहासाच्या विद्यार्थ्याने जपून वापरावा. १९८५ सालच्या कोनामी कंपनीच्या ‘यी आर कुंग-फू’ या खेळात स्टार नावाची प्रतिस्पर्धी स्त्री होती, परंतु खेळणाऱ्याला तिची भूमिका घेता येत नव्हती. त्याच वर्षीच्या ताइतो कंपनीच्या ‘टायफून गॅल’मध्ये तर नायिकाच मुलगी होती. तेव्हा चुन-ली पहिली नव्हे. पण जगभर ज्या खेळाची लाट उसळली, त्यात पुरुषांच्या बरोबरीने निवडता येणारी आणि लोकांनी हौसेने निवडलेली स्त्री म्हणून तिचे स्थान वादातीत आहे.

निवडता येणारे मल्ल होते आठ: दोन जपानी, दोन अमेरिकन, एक ब्राझीलचा, एक सोव्हिएत रशियाचा, आपला एक भारतीय आणि ही चिनी. सोव्हिएत संघ त्याच वर्षीच्या डिसेंबरात विसर्जित झाला, पण त्याचा पैलवान यंत्रात लढत राहिला. भारतीय मल्लाचे नाव धालसिम. गळ्यात कवट्यांची माळ, हातपाय रबरासारखे लांब होणारे आणि तोंडातून अग्नी ओकणारा असा हा योगी पाहून आमची पोरे खो खो हसत. प्रत्येक देशाचे असे ठोकळेबाज चित्र काढणे ही त्या खेळाची पद्धतच होती. चुन-लीचे चित्रही त्याच पठडीतले: केसांचे दोन अंबाडे आणि त्यांवर फिती, अंगात निळा चिनी झगा. हा झगा, म्हणजे ‘छीपाओ’, मांचू पोशाखातून विकसित होऊन १९२० च्या दशकात शांघायच्या नागर स्त्रियांत रूढ झाला. परदेशी माणसाला चीन म्हटले की तोच आठवतो.

परंतु चित्रकार यासुदा यांनी त्या ठरीव वेषात काही वेगळे मिसळले. ‘अकिमन’ या टोपणनावाने ते ओळखले जातात. त्यांनी तिच्या मनगटांत बांगड्यांऐवजी अणकुचीदार खिळ्यांची जाड कडी घातली आणि पायांत पांढरे लष्करी धाटणीचे बूट दिले. मुख्य म्हणजे तिच्या मांड्या त्यांनी भरदार काढल्या, कारण ती पायांनी लढणारी होती. तालमीत गेलेल्या माणसाला हे लगेच पटेल. ज्या अवयवाने मेहनत करायची तो अवयव चित्रात दिसला पाहिजे. तिचे नाव दोन चिनी अक्षरांचे आहे, पहिल्याचा अर्थ वसंत आणि दुसऱ्याचा सुंदर. वसंताच्या नावाखाली त्यांनी लाथांचा वर्षाव लपवला होता.

हे सर्व निर्मळ हेतूनेच झाले असे मी म्हणणार नाही. काढणारे पुरुष, खेळणारेही बहुतांशी पुरुष. झग्याच्या दोन्ही बाजूंच्या चिरा केवळ लाथ मारायला सोयीच्या म्हणून ठेवल्या नव्हत्या. तिच्यामागून आलेल्या कित्येक खेळांनी तर चिराच तेवढ्या उचलल्या आणि ताकद विसरली. पण चुन-लीपुरते बोलायचे तर नजर खिळवायला काढलेल्या चित्राच्या अंगी खरे बळही घातले गेले होते, आणि पोरे नाणे टाकत होती ती त्या बळासाठी.

हे बळ यंत्रात कसे होते तेही सांगतो. खेळणाऱ्याच्या डाव्या हाताशी एक दांडा आणि उजव्या हाताशी सहा बटणे असत. तीन ठोशांची, तीन लाथांची. चुन-लीच्या लाथेचे बटण भराभर बडवले की तिच्या त्या विजेसारख्या लाथा सुरू होत. म्हणजे काल शिकायला लागलेल्या पोरालाही ती लगेच यश देई. दांडा खाली दाबून धरायचा आणि मग वर ढकलून लाथेचे बटण दाबायचे, की ती डोके खाली, पाय वर करून भिंगरीसारखी फिरे. शिवाय तिची चाल चपळ आणि उडी उंच, त्यामुळे मुरलेल्या खेळाडूलाही तिच्यात शिकण्याजोगे पुष्कळ सापडे. नवशिक्याला सोपी आणि जाणत्याला खोल, असा गुण ज्या गोष्टीत असतो ती टिकते. चांगले पाठ्यपुस्तकही असेच असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पडद्याच्या वरच्या कडेला दोन्ही मल्लांच्या नावांवर एकेक पिवळी पट्टी असे. मार बसला की ती आखडत जाई आणि संपली की मल्ल आडवा. पोरे तिला ‘लाइफ’ म्हणत. खेळ तयार होत असताना प्रमुखपदी असलेल्या ओकामोतो यांना वाटले की चुन-लीची पट्टी इतरांपेक्षा आखूड ठेवावी, कारण स्त्रियांत पुरुषांइतके बळ नसते. निशितानी यांनी ते मानले नाही. आठही जणांच्या पट्ट्या सारख्या लांबीच्या राहिल्या. ही हकीकत पुढे २०१४ साली खुद्द ओकामोतो यांनीच एका मुलाखतीत मोकळेपणाने सांगितली.

मी ती वाचली आणि बराच वेळ गप्प बसलो. त्या वर्षी मी आमच्या शाळेच्या क्रीडा समितीचा प्रमुख होतो. वार्षिक स्पर्धांत मुलांची लांब पल्ल्याची शर्यत १५०० मीटर आणि मुलींची ४०० मीटर, असा शिरस्ता मी वर्षानुवर्षे चालवला होता. दहावीतील एका मुलीने एकदा विचारलेही होते, "सर, आम्हाला पंधराशे का नाही?" मी म्हणालो होतो, "बाळ, तुम्हाला झेपायचे नाही." बोलताना मला वाटत होते की मी तिची काळजी घेतो आहे.

जगाने हीच काळजी फार मोठ्या प्रमाणावर केलेली आहे. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. धावून बायका कोसळल्या असा गवगवा वृत्तपत्रांनी केला आणि ती शर्यत १९६० पर्यंत पुन्हा झाली नाही. स्त्रियांची १५०० मीटर ऑलिंपिकमध्ये आली १९७२ मध्ये आणि मॅरेथॉन १९८४ मध्ये. हे सारे मी इतिहासाचा मास्तर म्हणून जाणत होतो, आणि मैदानावर मात्र स्वतःच्या हाताने पट्टी आखूड करत होतो. ओकामोतोंना निदान अडवणारा एक निशितानी भेटला. मला ती मुलगी भेटली होती, पण मी तिचे ऐकले नाही.

पट्टी सारखी ठेवल्याने काय झाले, ते पुढचा इतिहास सांगतो. या खेळाच्या सुपर निंटेंडोवरील घरगुती आवृत्तीच्या, जी १९९२ साली निघाली, ६३ लाख प्रती खपल्या. त्याच वर्षी ‘मॉर्टल कॉम्बॅट’मध्ये सोन्या ब्लेड आणि ‘फेटल फ्युरी टू’मध्ये माई शिरानुई आली. पुढच्या वर्षी ‘व्हर्च्युआ फायटर’मध्ये दोन स्त्रिया आल्या. स्त्री मल्लावाचून असा खेळ काढणे कंपन्यांना यापुढे जड जाणार होते. १९९३ च्या ‘सिटी हंटर’ या हाँगकाँगच्या चित्रपटात तर जॅकी चॅनने चुन-लीचाच वेष घेऊन हाणामारी केली. १९९४ च्या हॉलिवूडपटात मिंग-ना वेनने ती भूमिका केली, आणि २०१८ साली निकी मिनाज या गायिकेने तिच्या नावाचे गाणे काढले, ते अमेरिकेच्या यादीत पहिल्या दहांत गेले.

यापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो २००४ सालचा कॅलिफोर्नियातील एक सामना. खेळ होता याच मालिकेतील १९९९ सालचा ‘थर्ड स्ट्राइक’. अमेरिकेच्या जस्टिन वाँगने चुन-ली घेतली होती आणि जपानच्या दाइगो उमेहाराने केन हा पुरुष मल्ल. केनची पट्टी केसाएवढी उरली होती. चुन-लीने लाथांची सरबत्ती सुरू केली. उमेहाराने त्यातील एकूणएक पंधरा लाथा अचूक वेळ साधून परतवल्या आणि डाव जिंकला. त्या क्षणाचे चित्रण आजही लोक पुन्हा पुन्हा पाहतात. चुन-ली हरली खरी. पण आखूड पट्टी कुणाची होती आणि कुणापुढून वाचणे हा चमत्कार ठरला, हे ध्यानात घ्यावे. तिच्या त्या पराभवातच तिच्या बळाची कबुली आहे.

राहता राहिला ‘यत्ता’. जपानी भाषेत त्याचा अर्थ ‘जमलं!’ असा होतो. मुलगी जिंकली आणि आनंदाने ओरडली, इतकेच. पहिल्या आवृत्तीच्या शेवटी ती बापाच्या थडग्यापाशी जाते आणि गणवेष टाकून सामान्य मुलीचे जिणे जगायला निघते. १९९३ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर टू’ या आवृत्तीत मात्र खेळणाऱ्याला पर्याय दिला गेला: तिने सामान्य आयुष्याकडे वळावे की पोलिसातच राहावे. कंपनीच्या लेखी तिचा जन्म १ मार्च १९६८ चा, म्हणजे माझ्याहून ती दोन वर्षांनी मोठी. २०२३ च्या ‘स्ट्रीट फायटर सिक्स’मध्ये ती मुलांना कुंग-फू शिकवते. आम्ही दोघे एकाच व्यवसायात आलो.

आमच्या शाळेत २०१५ पासून मुलींची शर्यत १५०० मीटरची आहे. पहिल्या वर्षी अकरा मुली उतरल्या. नऊ जणींनी ती पुरी केली. मुलांमध्येही दोघे तिघे दर वर्षी मध्येच सोडतात, हे माझ्या तोपर्यंत कधी लक्षात आले नव्हते.

बसस्टँडमागचे ते दुकान जाऊन वीस वर्षे झाली, आता तिथे झेरॉक्स निघते. पाच दप्तरे घेऊन उभी असलेली मुलगी कुठे नांदते मला ठाऊक नाही. तिच्या घरी चिठ्ठी पाठवण्याऐवजी मी एक रुपयाचे नाणे तिच्या हाती ठेवायला हवे होते आणि तिची दप्तरे माझ्या खांद्यावर घ्यायला हवी होती. त्या आठ जणांतून तिने कुणाला निवडले असते, ते पाहायचे राहून गेले.