पंपात प्राणिजन्य इन्सुलिन चालते का?

इन्सुलिनचा शोध १९२१ साली टोरांटोत लागला. पुढची साठेक वर्षे ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासूनच बनवत. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये १९७८ च्या सुमारास पंपाचे सुरुवातीचे प्रयोग झाले, तेव्हा पंपात डुकराचे इन्सुलिनच होते. १९८२ साली जिवाणूंकडून तयार करून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले, तर १९९६ साली जलद काम करणारे लिस्प्रो.

म्हणजे साधे, पाण्यासारखे स्वच्छ प्राणिजन्य इन्सुलिन पंपात चालले होते. पण त्याचा परिणाम सुरू व्हायला अर्धा तास लागतो आणि तो सहा ते आठ तास रेंगाळतो. म्हणून आता पंपात लिस्प्रो, अस्पार्ट अशी जलद इन्सुलिने वापरतात. ती प्राण्यांपासून बनत नाहीत. गढूळ दिसणारे इन्सुलिन पंपात कधीही भरू नये.

भारतातून इन्सुलिन आणणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. तिकडच्या बऱ्याच बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. इथला पंप १०० युनिटांच्या हिशेबाने चालतो. ४० ची बाटली भरली तर १० युनिटऐवजी ४ च शरीरात जातील. पंपावरच्या रुग्णाला दुसरे लांब पल्ल्याचे इन्सुलिन चालू नसते, त्यामुळे काही तासांतच कीटोअ‍ॅसिडोसिस होऊन जिवावर बेतू शकते. उलट्या, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणे. अशा वेळी ११२ किंवा ९९९ ला फोन करावा.

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मधुमेहींना ‘लाँग टर्म इलनेस’ योजनेत इन्सुलिन मोफत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पंपातले इन्सुलिन बदलायचे असल्यास आधी आपल्या डायबेटिस नर्सला विचारावे.