मनुष्यबळ हीच मोठी जोखीम : देवनहळ्ळीच्या नव्या कारखान्यांसाठी दोन जुने धडे

देवनहळ्ळी (बंगळुरू) : बंगळुरूच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या देवनहळ्ळीचा चेहरामोहरा मे २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाल्यापासून पालटला आहे. तैवानच्या फॉक्सकॉन कंपनीने मे २०२३ मध्ये येथे सुमारे ३०० एकर जमीन ३०० कोटी रुपयांना घेतली. २०२५ मध्ये या प्रकल्पात आयफोनच्या जुळणीस प्रारंभ झाला. हजारो कामगारांवर चालणाऱ्या अशा उद्योगात मनुष्यबळ हे भांडवल असते, तशीच ती एक मोठी जोखीमही असते.

संकल्पना काय?

वित्त, उत्पादन, कायदा आणि कर्मचारी यांच्याशी निगडित धोके वेगवेगळ्या विभागांवर न सोडता त्यांचा एकत्रित विचार करून ते संचालक मंडळासमोर मांडणे, म्हणजे उद्योगव्यापी जोखीम व्यवस्थापन. अमेरिकेतील ‘कोसो’ या संस्थेने २००४ मध्ये त्याची चौकट प्रसिद्ध केली. २०१७ च्या सुधारित आवृत्तीत जोखमीची सांगड कंपनीचे धोरण आणि कामगिरी यांच्याशी घालण्यात आली. कर्मचाऱ्यांचे कौशल्य, अनुभव आणि कंपनीवरील विश्वास म्हणजे मानवी भांडवल. ताळेबंदात ते मालमत्ता म्हणून दिसत नाही; त्यामुळे त्याची झीजही उशिरा लक्षात येते.

नरसापूरचा अनुभव

देवनहळ्ळीपासून जवळच असलेल्या कोलार जिल्ह्यातील नरसापूर येथे विस्ट्रॉन कंपनीच्या आयफोन कारखान्यात १२ डिसेंबर २०२० रोजी कामगारांच्या असंतोषाचा उद्रेक होऊन तोडफोड झाली. कामगारांची संख्या अल्पावधीत सुमारे ५ हजारांवरून १० हजारांपलीकडे गेली होती. मात्र त्या प्रमाणात मनुष्यबळ विभाग सक्षम झाला नव्हता, असे राज्य सरकारच्या पाहणीत आढळले. बहुसंख्य कामगार ठेकेदारांमार्फत नेमलेले होते. काहींना योग्य वेतन वेळेवर मिळाले नसल्याचे मान्य करून कंपनीने माफी मागितली आणि भारतातील कामकाज पाहणाऱ्या उपाध्यक्षांना पदावरून दूर केले.

नुकसानीचा प्रारंभिक आकडा ४३७ कोटी रुपये सांगितला गेला. नंतर कंपनीने तो बराच कमी असल्याचे स्पष्ट केले. यंत्रसामग्रीच्या हानीपेक्षा ॲपलचा निर्णय अधिक गंभीर ठरला. सुधारणा पूर्ण होईपर्यंत नवे काम न देण्याची भूमिका घेत ॲपलने विस्ट्रॉनला निगराणीखाली ठेवले. हाजिरीच्या नोंदीतील त्रुटी अशा रीतीने थेट व्यवसायाच्या मुळावर आली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये हा कारखाना टाटा इलेक्ट्रॉनिक्सला १२.५ कोटी डॉलरला विकण्याचा निर्णय झाला.

वसतिगृहातील जेवण आणि बंद कारखाना

तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथे फॉक्सकॉनच्या कारखान्यातील २५० हून अधिक महिला कामगारांना डिसेंबर २०२१ मध्ये वसतिगृहातील जेवणातून विषबाधा झाली. १५९ जणींना रुग्णालयात दाखल करावे लागले. संतप्त कामगारांनी महामार्ग रोखला. कारखाना बंद पडला आणि १२ जानेवारी २०२२ रोजी तो पुन्हा सुरू झाला. ॲपलने हा कारखानाही निगराणीखाली ठेवला. कंपनीने दिलगिरी व्यक्त करून सुविधा सुधारण्याची ग्वाही दिली.

नियम आणि त्यांची मर्यादा

बाजारमूल्यानुसार पहिल्या १ हजार सूचीबद्ध कंपन्यांना ‘सेबी’ने जोखीम व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. २०२२-२३ पासून या कंपन्यांना कर्मचाऱ्यांची गळती, सुरक्षितता, किमान वेतन आणि तक्रारी यांची माहितीही वार्षिक अहवालात द्यावी लागते. परदेशी कंपनीची भारतातील उपकंपनी सूचीबद्ध नसेल, तर मात्र हे नियम तिला लागू होत नाहीत. तेथे कामगार कायदे आणि खरेदीदाराची आचारसंहिता हेच अंकुश उरतात.

दोन्ही घटनांत धोक्याची चिन्हे वेतनचिठ्ठी, हाजिरीपट, जादा कामाचे तास आणि भोजनगृहातील तक्रारी यांतून आधीच दिसू शकली असती. समिती नेमल्याने नफा आपोआप वाढत नाही; परंतु ठेकेदाराच्या कामगाराची तक्रार संचालक मंडळापर्यंत वेळेत पोहोचल्यास उत्पादन थांबण्याची वेळ टळू शकते. देवनहळ्ळीतील नव्या कारखान्यांच्या जोखीम व्यवस्थापनाचा खरा कस तेथेच लागणार आहे.